गप्प झालेलं कुत्रं

सगळा रस्ता तिला मावशी म्हणायचा. कुत्र्यांना अंघोळ घालणं, जटा सोडवणं, केस आणि नखं कापणं हे काम ती सोळा वर्षं करत होती. त्याच्या खुणा तिच्या कोपरापर्यंत होत्या. डाव्या हाताचं मधलं बोट पेरभर आखूड होतं. कुणी विचारलं तर म्हणायची, "एका गोड पांढऱ्या कुत्रीने आठवण म्हणून ठेवून घेतलं."

बोट गेल्यापासून तिने एक पद्धत पाडून घेतली होती. कुत्रं गुरगुरलं की तोंडाला कापडी पट्टीचं मुसकं बांधायचं, त्याला हवी तेवढी झटापट करू द्यायची आणि ते गप्प झालं की हात चालवायचा. त्यानंतर तिला एकही कुत्रं चावलं नव्हतं. त्यामुळे या पद्धतीबद्दल कुणाचं ऐकून घ्यायला ती तयार नसे.

दुकान म्हणजे तळमजल्यावरची एक लांबट खोली. मागे उंचावर बसवलेला टब, मधे रबराची चटई घातलेलं टेबल, भिंतीला गरम हवेचा ड्रायर. दोन वर्षांपूर्वी सून मदतीला आली. तिने प्राण्यांच्या प्रथमोपचारांचा वर्ग केला होता. अंघोळीआधी ती प्रत्येक कुत्र्याचा ओठ वर करून हिरडी दाबून बघायची.

"दात कसले बघतेस? लग्न जमवायचंय का त्याचं?" मावशी म्हणायची.

"दात नाही आई, हिरडी. दाबली की पांढरी पडते, सोडली की दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवी."

"मला नुसत्या डोळ्यांत बघून कळतं."

"मग बोट कसं गेलं?"

यावर मावशीलाही हसू यायचं. मुसक्याचा विषय निघाला की मात्र तिचं हसू मावळायचं. सून म्हणायची, चपट्या नाकाच्या कुत्र्याला तरी बांधू नका, तोंड उघडून धापा टाकल्याशिवाय कुत्र्याच्या अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. मावशी म्हणायची, "तुझं वय जेवढं नाही तेवढी कुत्री दर महिन्याला धुते मी."

त्या दिवशी दहा वाजता घड्याळजी आपल्या चपट्याला घेऊन आला. चार दुकानं सोडून त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. बायको गेल्यापासून घरात तो आणि ते म्हातारं, बसक्या नाकाचं कुत्रं एवढेच. "बरोबर बाराला येतो," तो म्हणाला. तो बाराला एक मिनिट कमी असताना यायचा.

अंघोळ नीट झाली. मागच्या मांड्या वाळवताना चपट्या गुरगुरला. मावशीने सवयीने पट्टी बांधली, टेबलावरच्या दांडीला टांगलेला पट्टा गळ्यात अडकवला आणि ड्रायर लावला. सून मागे नळ सोडून टॉवेल धूत होती. चपट्याने मान झटकली, पंजाने पट्टी ओरबाडली, मग हळूहळू झटापट थांबली.

"बघ, कसा शहाण्यासारखा उभा राहिला," मावशी म्हणाली.

सुनेने वळून पाहिलं. चपट्या उभा नव्हता. त्याचे पाय केव्हाच दुमडले होते, गळ्यातल्या पट्ट्याने त्याला वर धरून ठेवलं होतं.

"आई, पट्टी सोडा."

"थांब, शेपटीकडचं राहिलंय."

"पट्टी सोडा."

पट्टी सुटली तेव्हा जीभ बाहेर लोंबली, जांभळीकाळी. सुनेने गळ्यातला पट्टा काढला, कुत्र्याला फरशीवर आडवं केलं, मान सरळ केली आणि जीभ पुढे ओढून धरली. मावशी फ्रिजकडे धावली.

"बर्फ नको. शिरा आकसतात, उष्णता आतच कोंडते. नळाचं पाणी आणा. पोटावर, मांड्यांच्या आत, पंजांवर ओता. तोंडात थेंबही नको, छातीत जाईल."

मावशीने आयुष्यात कुणाचं ऐकलं नसेल असं तिचं ऐकलं. ड्रायर बंद केला, पंखा लावला, तांब्यावर तांब्या पाणी ओतलं. सुनेची दोन बोटं कुत्र्याच्या मांडीच्या आत होती, तिथे नाडी लागते. बऱ्याच वेळाने घशातून घरघर निघाली आणि छाती हलली. शेजाऱ्याच्या गाडीतून, ओलं कुत्रं मांडीवर घेऊन दोघी दवाखान्यात पोचल्या.

डॉक्टरने ऑक्सिजन लावला, सलाईन लावलं. "वाचेल बहुतेक. दोन दिवस इथे राहू दे," तो म्हणाला. "म्हातारं आहे, घसाही अरुंद. कुठेही झालं असतं."

बाहेरच्या बाकावर सून हळूच म्हणाली, "आई, डॉक्टर म्हणाले तेवढंच सांगू या. वय झालंय. खोटं नाही ते."

मावशीने तिच्याकडे पाहिलं. मघाशी हिनेच जीव वाचवला होता.

"मुसकं मी बांधलं."

"रस्त्यावर कळलं तर कोण येईल आपल्याकडे? सोळा वर्षांचं नाव आहे तुमचं."

"माहीत आहे. तू इथे थांब. तो बाराला दारात येईल, त्याआधी मला गेलं पाहिजे."

घड्याळजी दुकानातून निघायच्या बेतात होता. भिंग अजून कपाळावरच होतं. मावशी उंबऱ्यातच उभी राहिली. "जिवंत आहे," ती आधी म्हणाली. मग पट्टी, ड्रायर, गळ्यातला पट्टा, सगळं सांगितलं. "तो गप्प झाला, मला वाटलं ऐकतोय. त्याचा श्वास संपत होता. डॉक्टर म्हणतात वयामुळे झालं. पण ते माझ्यामुळे झालं."

घड्याळजीने भिंग काढून टेबलावर ठेवलं. "तुमची सून नसती तर?"

"मेला असता."

"दवाखाना कुठे आहे?"

तिने सांगितला. तो दिवा चालू ठेवूनच निघून गेला.

चपट्या तिसऱ्या दिवशी घरी गेला. घड्याळजीने मावशीला नमस्कार करणं सोडलं. बोभाटा झाला, चार गिऱ्हाइकं तुटली. मावशीने कुणाशी वाद घातला नाही. कापडी पट्ट्या तिने फाडून टाकल्या. चावऱ्या कुत्र्यांसाठी तोंड उघडता येईल असं जाळीचं मुसकं आणलं, आणि चपट्या नाकाची कुत्री टॉवेलनेच पुसायची असं ठरवलं.

दोन महिन्यांनी घड्याळजी चपट्याला काखेत घेऊन दारात आला. वाढलेली नखं कुत्र्याच्या तळव्यात रुतत होती.

"नखं मला जमत नाहीत," तो सुनेला म्हणाला. "तू काप." मग मावशीकडे न बघता, "मी इथून हलणार नाही. पूर्ण वेळ बघत बसणार."

"बसा," मावशी म्हणाली. आपलं स्टूल तिने टेबलाला खेटून त्याच्यासाठी ठेवलं आणि स्वतः भिंतीशी जाऊन उभी राहिली.