दोन तासांची चूक

आमच्या धरणावर पाण्याचा अंदाज सांगणारे एक गृहस्थ आहेत. डोंगरात पाऊस झाला की धरणात किती पाणी येईल आणि कधी, हे ते सांगतात. त्यावर दरवाजे कधी उघडायचे आणि आम्ही वीजघरातल्यांनी जनित्रं किती चालवायची, हे ठरतं. आकडा ते फळ्यावर लिहीत नाहीत, भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनानं लिहितात. म्हणतात, "खडूनं लिवलं की पुसायला हात शिवशिवतोय."

समोर कॉम्प्युटर असतो, तरी डोंगरातल्या गावात पाऊस मोजणाऱ्या बाईंना फोन केल्याशिवाय पेन उघडत नाहीत. "आवं अक्का, वड्याचं पाणी गढूळ झालं का?"

गेल्या श्रावणात लख्ख ऊन असताना ते म्हणाले, दरवाजे उघडा. मी चिडलो. दरवाज्यातून सोडलेल्या पाण्यावर आमची वीज होत नाही.

"आवं, पाऊस कुठाय?"

"सहाला लोंढा येतोय. माज्या नावावर लिवा."

लोंढा आला. धरणात जागा झाली होती, सगळा मावला. लोक त्यांची पाठ थोपटायला आले, तर हे कॅलेंडरवरचा सहाचा आकडा खोडून शेजारी लाल पेनानं चार लिहीत होते.

"मावलं की सगळं. दोन तासांनी काय बिघडलं?" मी म्हणालो.

त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"आमचा गोठा धरणाच्या खाली, सांगलीत नदीकाठाला हाय, गड्या. त्यो रिकामा करायला दोनच तास लागत्यात."