रुपयाएवढी चाई

मॅडमनी मला हात लावला नाही. पेनच्या टोकानं माझे केस उचलले आणि सगळ्यांना दाखवलं.

"ये क्या है? छूत की बीमारी लेकर आरती उतारोगी? किचन में भेजो इसको."

मी चौदा वर्षांची. दिल्लीच्या छावणीत, आमच्या मराठी पलटणीत, जवानांच्या बायकांच्या सभेची तालीम चालली होती. ती पलटणीच्या साहेबांची बायको, म्हणजे मॅडम, घेत होत्या. कुणा मोठ्या साहेबांची बायको येणार होती. अशा वेळी जवानांच्या पोरींना नऊवारी नेसवतात, खोपा घालतात, हातात ओवाळायचं ताट देऊन दारात उभं करतात. अधिकाऱ्यांच्या मुली त्या रांगेत नसतात. त्या खुर्चीवर असतात. तेव्हा मला हे खटकलं नव्हतं. रांगेत पहिली उभी आहे, याचाच अभिमान होता.

खोप्याची पिन सुटली आणि कानामागची चाई उघडी पडली. रुपयाएवढी. गुळगुळीत, एक केस नाही.

किचनमध्ये मला कप विसळायला बसवलं. त्याच कपांतून मॅडम चहा प्यायल्या. माझा रोग ताटाला लागणार होता, कपाला नाही.

घरी आईनं मलाच विचारलं, पिन नीट का लावली नाहीस. बाबा हवालदार. एवढंच म्हणाले, "गप बस. त्यांच्या साहेबांच्या सहीवर माझं प्रमोशन आहे."

आईनं गावाला मावशीला फोन लावला. मावशी म्हणाली, चाईत किडा असतो, लसूण ठेचून चोळ, रक्त दिसेपर्यंत. आईनं चार दिवस चोळला. मी ओरडले तर शेजारी ऐकू जाईल म्हणून टीव्ही मोठा करायची. कातडी सोलली. फोड आले, चिघळले. तेव्हा कुठे लष्करी इस्पितळात नेलं.

त्वचेच्या डॉक्टर बाई तरुण होत्या. त्याही अधिकारीच. त्यांनी उघड्या बोटांनी चाईच्या कडा चाचपल्या. इतक्या दिवसांत तिथं पहिल्यांदा कुणाचा तरी हात लागला, न दुखवता. मला रडू आलं.

त्यांनी सरळ सांगितलं. शरीराची राखण करणारी ताकदच चुकून केसांच्या मुळांवर उलटते. किडा नाही, घाण नाही, लागण तर नाहीच. बहुतेकदा केस परत येतात, कधी येतही नाहीत. चाईत बारीक इंजेक्शनं घ्यायची, मलम लावायचं. लसूण बंद.

मग आईनं हळूच स्वतःचा पदर मागे घेतला. भांग दोन बोटं रुंद झालेला. "यहाँ का पानी खारा है ना," ती म्हणाली. आमच्या क्वार्टरांतल्या सगळ्या बायका हेच म्हणायच्या. डॉक्टरांनी तिची पापणी खाली ओढून पाहिली, रक्त तपासायला लावलं. रक्तात लोह फारच कमी निघालं. खाऱ्या पाण्यानं केस राठ होतात, त्या म्हणाल्या, असे मुळातून जात नाहीत. थायरॉइडनं जातात, बाळंतपणानंतर जातात, मोठ्या तापानंतर जातात, रोज घट्ट ओढून बांधले तरी जातात. आणि अंगात रक्त नसलं की जातात. त्यांनी आईला विचारलं, काय जेवता, कधी जेवता.

आई सगळ्यांच्या मागून जेवते. उरलेलं. आमच्या क्वार्टरांच्या लाइनीतली प्रत्येक बाई तसंच जेवते आणि पाण्याला शिव्या देते.

मी डॉक्टरांना म्हटलं, लिहून द्या. काका गावाहून चळवळीची पत्रकं पाठवायचे, ती वाचत मी वाढले. बोललेलं लोक विसरतात, कागद राहतो, हे मला माहीत होतं. त्यांनी लिहिलं, हा रोग स्पर्शानं पसरत नाही. खाली सही, शिक्का.

सभेच्या दिवशी मॅडमचा निरोप आला, डोक्याला रुमाल बांधून किचनमध्ये ये. मी गेले. रुमाल नाही, वेणी नाही, केस कानामागे सारलेले, चाई उघडी. समोर कपांचा ढीग. मी हात मागे घेऊन उभी राहिले. मॅडम आत आल्या.

"धो क्यों नहीं रही?"

"मुझे छूत की बीमारी है ना, मैडम. कप कैसे धोऊँ?"

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. मी कागद पुढे केला. मॅडमनी वाचला. सही पुन्हा पाहिली. ती सही एका अधिकाऱ्याची होती, म्हणून त्या नरमल्या. माझ्या बोलण्यानं नाही. हे मला तिथंच कळलं. अजून टोचतं.

"ठीक है. जाओ, लाइन में खड़ी हो जाओ."

"नहीं होना."

बाबांना बोलावणं आलं. परत आल्यावर त्यांनी बूट काढले आणि महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. त्या वर्षी प्रमोशन झालं नाही. माझ्यामुळे की नाही, कुणी सांगितलं नाही. मी माफी मागितली नाही.

त्या महिन्यात मी वहीची पानं फाडून पत्रक लिहिलं, मराठीत आणि हिंदीत, आणि लाइनीतल्या दारांखालून सरकवलं. पहिलं वाक्य होतं, बायांनो, आधी जेवा. चार जणी रक्त तपासून आल्या. एकीच्या नवऱ्यानं पत्रकाचे तुकडे आमच्या उंबऱ्यावर आणून टाकले. मी पुन्हा लिहून त्याच्याच दाराखाली सरकवलं. आई लोहाच्या गोळ्या घेऊ लागली. माझ्यासोबत ताट घेऊन बसायला मात्र तिला वर्ष लागलं.

माझे केस परत आले. आधी पांढरे, मग काळे.

आता मी गाझियाबादला नोकरी करते. मागच्या आठवड्यात नवी चाई दिसली. कपाळाच्या वर, अगदी समोर. ऑफिसातले साहेब गोड आवाजात म्हणाले, "सोमवार को क्लायंट आ रहे हैं, यार, कुछ बाँध लेना. नहीं तो पीछे बैठ जाना."

इंजेक्शनं सुरू केली आहेत. मलम लावते. बांधणार काही नाही. सोमवारी मी पुढच्या खुर्चीवर बसणार आहे. उठवायचं असेल तर तोंडानं सांगून उठवा, सगळ्यांसमोर. आणि लिहून द्या.