सतरा नंबरची मागणी

बाटल्यांच्या कंपनीत सगळे त्याला वकील म्हणत. आता वकील म्हणावं, तर काळा कोट त्याच्या अंगाला कधी लागला नव्हता. गडी मूळचा फिटर, दहावीत एकदा आपटलेला. पण करारातलं कुठलं कलम कुठल्या पानावर आहे, हे झोपेतून उठवून विचारलं तरी तो सांगायचा, म्हणून वकील. कंपनी चार हजार माणसांची. दर तीन वर्षांनी करार व्हायचा आणि युनियनच्या बाजूने बोलायला हाच बसायचा. असे चार करार झाले होते. हा पाचवा, आणि त्याचा शेवटचा, कारण पुढच्या वर्षी तो निवृत्त होणार होता. खरं तर तो आत्ताच दमला होता. त्याच खुर्च्या, तोच गार चहा, आणि समोरून तेच ते, 'वर विचारून सांगतो'.

मागण्यांची यादी करायची एक रीत असते. बाहेरच्याला वाटतं, हवं ते लिहायचं आणि भांडायचं. इतकं सरळ असतं तर आणखी काय हवं होतं! चाळीस मागण्या लिहायच्या, त्यातल्या दहा पदरात पाडायच्या आणि बाकीच्या एकेक करून सोडायच्या. आपण एक सोडली की समोरचाही एक पाऊल मागे सरतो. सोडायच्या मागण्यांपुढे वकील यादीत पेन्सिलीने बारीकसं टिंब काढायचा. ती टिंबं कंपनीतर्फे समोर बसणाऱ्या जुन्या पर्सनल साहेबांनाही न बघता कळायची. तेही आधी गंभीर चेहऱ्याने 'शक्य नाही' म्हणायचे, मग हा हळहळत मागणी सोडायचा. दोघांनाही सगळं ठाऊक असायचं.

सतरा नंबरपुढे पहिल्या करारापासून टिंब होतं. 'तपासणीच्या टेबलावर बसायला उंच स्टूल मिळावेत.' तिथे तीसेक बायका आठ-आठ तास उभ्या राहून, एकेक बाटली दिव्यासमोर धरून तडा शोधायच्या. त्यांची ही मागणी म्हणजे गाजराची पुंगी झाली होती, आणि दर वेळी ती मोडूनच खाल्ली गेली. पहिल्या करारात वकिलाने सतरा नंबर सोडला आणि दुसऱ्या पाळीच्या बायकांना घरी पोचवायला बस मिळवली. पुढच्या करारात सोडला आणि बाळंतपणाची रजा वाढवून घेतली. हे काही थोडंथोडकं नव्हतं. नंतर दोनदा सोडला, तो कशाच्या बदल्यात हे मात्र आता त्यालाही नीट आठवत नव्हतं.

त्या तीस बायकांत एक त्याची बायको होती. मागणी मुळात तिचीच. दर करारानंतर तो घरी येऊन सांगायचा, "नाही गं ऐकलं त्यांनी." ती गुडघ्यांना तेल चोळत म्हणायची, "असू द्या, पुढच्या वेळी बघू." टिंबाची गोष्ट त्याने घरात कधी काढली नाही. शेवटी चार महिन्यांपूर्वी तिच्या गुडघ्यांनीच हात टेकले आणि तिने काम सोडलं.

यंदा जुने साहेब जाऊन नवीन मॅडम आल्या होत्या. त्यांचा हा पहिलाच करार, त्यामुळे रीतभात काही माहीत नाही. त्यांनी यादी खरोखरच वाचून आणली होती. सतरा नंबरवर त्या थांबल्या.

"या बायका अजून उभ्या का राहतात?"

वकिलाने सवयीने ठरलेलं वाक्य सुरू केलं. "मॅडम, प्रश्न जिव्हाळ्याचा आहे. तरी पण आम्ही काही ताणून धरणार नाही..."

"ताणायचं काय त्यात? हे माझ्याच हातात आहे. सोमवारी येतील स्टूल." मॅडमनी बरोबरची खूण केली. "पुढची?"

शेजारी बसलेला युनियनचा खजिनदार वकिलाला कोपर मारून कुजबुजला, "अहो, आता सोडायचं काय आपण?"

वकिलाला पुढची मागणी वाचता येईना. बारा वर्षांत कधी तरी नुसतं मागून बघायला हवं होतं, एवढंच त्याच्या डोक्यात घोळत राहिलं. त्याला स्वतःची लाज वाटली.

संध्याकाळी घरी आला तेव्हा बायको खुर्चीत बसून कपड्यांच्या घड्या घालत होती.

"सोमवारी स्टूल येताहेत," तो म्हणाला.

तिच्या हातातली चादर तशीच राहिली. "मिळवलेतच शेवटी! बारा वर्षं लावून धरलंत. मी सगळ्यांना सांगायचे, आमचे हे सोडणाऱ्यातले नव्हेत."

एवढ्यावर गप्प बसला असता तर निभावलं असतं. पण तिचा तो उजळलेला चेहरा त्याला बघवेना. त्याने सगळं सांगून टाकलं. टिंब, बस, रजा, जुने साहेब, आजच्या मॅडम, सगळं.

तिने चादर मांडीवर ठेवली.

"टिंब कोण काढायचं?"

"मीच."

"चारही वेळा?"

"चारही."

"आणि त्या बाईंना किती वेळ लागला?"

"चहा यायच्या आधीच झालं."

तिने चादरीची घडी पुरी केली आणि खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठू लागली. त्याने हात पुढे केला. तिने तो घेतला नाही.

"बस मिळाली ते चांगलंच झालं," ती म्हणाली. "रजेचंही. पण उद्या ती यादी टेबलावरच्या पोरींकडे न्या. कुठे टिंब काढायचं ते त्यांना काढू दे. उभ्या त्या राहतात."

मग कपडे काखेत धरून, भिंतीला धरत धरत ती आत गेली. खुर्ची रिकामी झाली होती. वकील दिवसभराचा दमलेला होता, पण त्याला त्या खुर्चीत बसवेना. ती आत कपडे ठेवीपर्यंत तो तसाच उभा राहिला.