शिवलेलं प्यादं

हात थरथरायला लागले तसे आमचे शिंपीकाका दुकानातून निवृत्त झाले, बुद्धिबळ मंडळातून मात्र नाही. उंट उचलायला निघालेला त्यांचा हात वाटेत दोन प्याद्यांची विचारपूस करून जायचा. वैतागून त्यांच्या मेहुण्याने, म्हणजे आमच्या चिटणिसाने, नवा नियम मांडला: ज्या मोहऱ्याला शिवाल, तोच चालवायचा. तो मंजूर झाला असता तर काकांचा खेळ संपलाच होता.

आमच्याकडे मतदानही प्याद्यांनीच होतं. टेबलावर पांढरं ठेवलं तर होकार, काळं ठेवलं तर नकार. दोन्हीकडची प्यादी सारखी झाली आणि काकांचं मत तेवढं उरलं. काळ्याकडे निघालेला काकांचा हात थरथरत पांढऱ्याला लागला.

"शिवलात, दाजी!" मेहुणा ओरडला. "आता तेच ठेवा!"

"नियम अजून झालाय कुठे?"

"पण शिवलात ना?"

"अरे, तुझ्या लग्नाचा कोटही मीच शिवला होता. तुझं पोट सुटल्यावर उसवून दिलाच ना?"

हसण्याच्या गदारोळात काकांनी दोन्ही हातांनी काळं प्यादं टेबलावर ठेवलं. मेहुण्याने आधी पोट आत घेतलं, मग मुकाट्याने काकांसमोर पट मांडला.