गेट बदललं तेव्हा

दोन विमान कंपन्या एक झाल्या, तेव्हाची गोष्ट. सुरतच्या विमानतळावर गेटं मोजकीच, त्यांच्यासाठी कंपन्यांची चढाओढ. आमचं विमान ऐनवेळी दुसऱ्या गेटवर गेलं, आणि आई हटून बसली, "तिथं भलत्याच कंपनीचं नाव आहे."

आईची व्हीलचेअर ढकलणारा, सुरतच्याच डिंडोली भागातला खानदेशी माणूस दर खेपेला तोच असायचा. त्याचं नाव आम्हाला ठाऊक नाही. आई त्याला भाऊ म्हणते. नव्या गणवेशाच्या लांब बाह्या दुमडत तो वाकला. "माय, कंपनी बदलनी, मी तोच शे. चाल."

वाटेत आईनं त्याच्याच अहिराणीत विचारलं, "तुनी नोकरी राही ना रे, भाऊ?"

"ते मन्हा हातमा नई. तुले विमानमा बसाडनं मन्हा हातमा शे," तो हसून म्हणाला.

पुढच्या खेपेला आईनं आधी गर्दीत त्याला शोधलं. तो दिसला, तेव्हाच ती खुर्चीत बसली.