देवच कशावरनं?

साक्षात देव जरी आमच्या थोरल्या काकांपुढं उभा राहिला, तरी नमस्कार करायच्या आधी ते विचारतील, "देवच कशावरनं?" सारी नोकरी एसटीत तिकीट तपासण्यात गेली, आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी उरलेलं जग तपासायला घेतलं. परंड्याहून कुर्डुवाडीची गाडी धरायची, तर आधी पाटी वाचणार, मग कंडक्टरला विचारणार, मग ड्रायव्हरला, आणि जागेवर बसल्यावर शेजाऱ्याला, "तुम्ही खरंच कुर्डुवाडीला निघालाय न्हवं?" लग्नपत्रिका हातात पडली की मुलीच्या बापाला फोन करून लग्न ठरल्याची खात्री करून घेणार. एका दिवाळीला आम्ही तेरखेड्याला फटाके आणायला गेलो, तर म्हणाले, एक वाजवून दाखवा. दुकानदारानं वाजवला. "ह्यो वाजला. बाकीचे वाजतील कशावरनं?" दुसरा वाजला, तिसरा वाजला. शेवटी तो बिचारा हात जोडून म्हणाला, "काका, तुमची दिवाळी हितंच करून जावा."

आम्ही सगळे हसायचो. नात झाली आणि हसणं थांबलं. पोरगी दिसायला गोरीगोमटी, पण मान धरेना, नजर ठरेना, आणि थोड्याच महिन्यांत तिला झटके येऊ लागले. पुण्याला नेऊन मेंदूचा एमआरआय काढला. मेंदूवर ज्या वळ्या असतात त्या हिच्या मेंदूवर जवळजवळ नाहीतच, असं डॉक्टर म्हणाले. काकांनी विचारलं, "फोटो हिचाच कशावरनं?" पण घरी आल्यावर त्यांचा संशय भलतीकडंच वळला. गल्लीतल्या बायका म्हणत होत्या, पोटुशी असताना सुनेनं ग्रहणात विळी हातात घेतली. काकांचा ग्रहणावर विश्वास नव्हता, तो कशावरच नव्हता, पण जेवताना, सून भाकरी वाढत असताना, ते बोलून गेले, "आमच्या घराण्यात असलं कधी न्हवतं. माहेरचं असंल." सुनेच्या हातातली भाकरी तशीच राहिली. त्या दिवसापासून तिनं पोरीला काकांच्या मांडीवर दिलं नाही. माहेरी जायची तिची पिशवी भरूनच असायची, हे मला तिच्या नवऱ्यानं, म्हणजे माझ्या चुलतभावानं सांगितलं.

पुण्याच्या डॉक्टरांनी मग जीनोम तपासणी सुचवली. म्हणजे मुलीचं आणि आईबापाचं रक्त घेऊन शरीराची सगळी मांडणी ज्यात लिहिलेली असते ते अक्षर न अक्षर वाचायचं, आणि चूक कुठं झाली ते शोधायचं. काका म्हणाले, "रक्त घेऊन काय करतील कुणास ठाऊक! अदलाबदल झाली तर?" सुनेनं पदर खोचला आणि पहिल्यांदाच त्यांच्या तोंडाकडं बघून म्हणाली, "माझं आधी घ्या. काय असंल ते कळू द्या एकदाचं."

मीही सोबत होतो. काकांनी रक्त घेणाऱ्या मुलीला प्रत्येक नळीवरचं नाव मोठ्यानं वाचायला लावलं. काही आठवड्यांनी निकाल आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवून शांतपणे सांगितलं, "एका जनुकात बदल सापडलाय. तो आईच्या रक्तात नाही, वडिलांच्याही नाही. गर्भ राहण्याच्या सुमाराला आपोआप झालाय. कुणी काही केलं म्हणून नाही. हे बरं करणारं औषध नाही; झटके आवरायचे, घास नीट गिळता यावा हे बघायचं."

"सुनेकडनं न्हाय?"

"नाही."

"परत सांगा."

बाईंनी परत सांगितलं. काका नेहमीसारखा पुढचा प्रश्न विचारतील म्हणून आम्ही वाट बघत राहिलो. पण त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि खाली बघत बसले. सून रडत होती. पोरगी बरी होणार नाही म्हणून, की आपल्यामुळं नाही म्हणून, मला सांगता येणार नाही.

परंड्याला आल्यावर शेजारीण चौकशीला आली आणि पुन्हा ग्रहणावर घसरली. काका ओट्यावरून गरजले, "ग्रहण काय एकट्या माझ्या सुनेला लागलं व्हय? तुमची सूनबी तवा पोटुशी होती, भाकऱ्या थापत होती. तिचं पोरगं गल्लीभर पळतंय न्हवं?" शेजारीण निघून गेली. मग काका स्वयंपाकघराच्या दारात गेले आणि आत न बघता म्हणाले, "पोरी, म्या लई वंगाळ बोललो." चुलीवर तवा तापला होता. सुनेनं डोळे पुसले, पोरीला उचलून त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाली, "धरा जरा हिला. मान सांभाळून."

आता पोर शाळेच्या वयाची झाली आहे. शाळा नाही, बोलणं नाही. तिला काय कळतं, काय दिसतं, कुणालाच नीट ठाऊक नाही. परवा गेलो तेव्हा उन्हं उतरली होती. काका ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते, पोर त्यांच्या कुशीत, आणि तिनं त्यांचं एक बोट मुठीत धरलं होतं. काकांचे ओठ सुकले होते. मी हळूच विचारलं, "पाणी देऊ?" त्यांनी मानेनंच नको म्हटलं. जरा हललं तर ती बोट सोडेल, म्हणून ते तसेच बसून राहिले.