रागवायची चोरी

सुताराला रागवायची चोरी होती. त्याच्या जुळ्या भावाला विसाव्या वर्षी स्किझोफ्रेनिया झाला आणि तेव्हापासून सुताराने जरा आवाज चढवला की लोक एकमेकांकडे बघायचे. चेहरा एक, रक्त एक, मग डोकं तरी वेगळं कसं असेल?

त्या दिवशी काम भराभर उरकावं म्हणून कारखान्यातल्या मुकादमाने यंत्रकरवतीवरची जाळी काढून टाकली. सुताराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "उद्या कुणाची बोटं तुटली तर तुम्ही आणून देणार का? आधी जाळी बसवा!"

मुकादम हसला. "शांत हो बाबा. भावाच्या गोळ्यांतली एक घे. तुमच्या रक्तातच आहे ते."

सुताराने करवतीचं बटण बंद केलं. "रक्ताचं मी डॉक्टरांना विचारलंय. आजाराचा धोका आम्हा दोघांना जन्मानेच मिळाला, खरं आहे. पण आमच्यासारख्या जुळ्यांत एकाला झाला, तरी निम्म्याहून जास्त वेळा दुसऱ्याला होत नाही. मी पन्नाशीला आलोय. तीस वर्षं राग गिळला, तो तुमच्या या नजरांपायी. आज नाही गिळणार!"

तो करवतीसमोर ठाण मांडून बसला. दुपारपर्यंत काम अडलं, तेव्हा कुठे मुकादमाने निमूट जाळी बसवली.

घरी गेल्यावर सुताराने भावाला हे सांगितलं. भावाने सगळं नीट ऐकून घेतलं.

"माझ्या गोळ्यांवरून बोलला तो?" भाऊ म्हणाला. "मग तू त्याला फारच कमी बोललास."